डायलिसिस, कॅन्सर: पैसे भरण्याआधी आरोग्यमित्र गाठा

घरात कॅन्सर निघाला किंवा डायलिसिस लागलं की आपल्याकडे आधी वावर गहाण टाकायचा विचार होतो. कृपा करून थांबा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, पण फक्त योजनेतल्या दवाखान्यात आणि यादीतल्या उपचारांसाठी. गाडी करण्याआधीच 155388 वर फोन लावून दवाखाना विचारून घ्या.

दवाखान्यात गेल्यावर काउंटरवर पैसे भरू नका, आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाचा टेबल शोधा. खरी अडचण नावाची येते. माझ्या काकूचं रेशनकार्डावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. तेवढ्यासाठी दोन दिवस गेले. म्हणून दोन्ही कागद आजच शेजारी ठेवून नाव, वय अक्षर अन् अक्षर ताडून पहा.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर योजनेची औषधं 10 दिवसांपुरतीच मिळतात. पुढच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतील का, ते निघतानाच विचारा.

सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि डायलिसिसच्या रुग्णांना साध्या एसटीत तिकीट लागत नाही. आठवड्यात दोनदा नागपूर गाठणाऱ्याला ही सवलत फार मोठी आहे. त्याचं प्रमाणपत्र नक्की काढा.