नागपुरात भाड्यासाठी टू बीएचके घेताना

भाड्याच्या उत्पन्नासाठी नागपुरात छोटा टू बीएचके घ्यायचा असेल, तर सर्वांत आधी निव्वळ भाड्याचा हिशेब मांडावा. समजा, ४० लाखांच्या फ्लॅटला महिना १२ हजार भाडे येते, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स १८ हजार, मालमत्ता कर ६ हजार, रंगरंगोटी व दुरुस्ती १० हजार आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एक महिना वजा केला, की हाती ९८ हजार, म्हणजे जेमतेम अडीच टक्के उरतात. त्याच फ्लॅटवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३० लाखांचे कर्ज काढल्यास हप्ताच सुमारे २६ हजार बसतो. म्हणून मोठे कर्ज काढून भाड्यासाठी घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदरची रक्कम असेल आणि दहा-पंधरा वर्षे थांबण्याची तयारी असेल, तर मात्र जुना, सुस्थितीतला रीसेल फ्लॅट बघावा, कारण भाडेकरू इमारतीच्या नवेपणासाठी फारसे जास्त मोजत नाही.

मिहान (विमानतळालगतचा उद्योग प्रकल्प), एम्स आणि मेट्रोमुळे वर्धा रोड, मनीषनगर, बेसा या बाजूला नोकरदार कुटुंबांची मागणी असते. पण नव्या स्कीमही तिकडेच उभ्या राहत असल्याने आसपास किती फ्लॅट रिकामे आहेत, हे चौकीदारांकडून विचारून घ्यावे. ले-आउटमधील स्वतंत्र घर असल्यास आरएल (प्लॉट नियमित केल्याचे पत्र) आणि मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

घर शक्यतो मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास पाहावे. वरच्या मजल्यावरचा स्लॅब तेव्हा किती तापतो, दोन्ही बेडरूमना कूलर बसेल अशी खिडकी आहे का, कूलरमध्ये पाणी भरायला जवळ नळ आहे का आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे तेव्हाच कळते. भाडेकरू टिकतो तो याच गोष्टींवर.

भाड्यावरील प्राप्तिकर मोजताना भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवावाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.