शेल स्क्रिप्टमध्ये व्हर्जनची तुलना करताना या चुका टाळा

वर्षानुवर्षं नीट चालणारी स्क्रिप्ट एक दिवस अगदी नव्या मशीनवर ‘पायथॉन फार जुनं आहे’ म्हणून अडते. अशा वेळी आधी तुलनेची ओळ बघा. बॅश या शेलच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दुहेरी चौकटी कंसात < हे चिन्ह मजकुराची तुलना करतं. ३.९ आणि ३.१० यांची अक्षरं डावीकडून एकेक करून तपासली जातात. बिंदूनंतर ९ समोर १ आला की १ लहान ठरतो आणि पुढचं शून्य बघितलंच जात नाही. पायथॉन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. तोवर ३.६ ते ३.९ पर्यंत ही चूक उघडी पडायला वावच नव्हता.

एकेरी कंसात तर प्रकरण आणखी वाईट. तिथे > म्हणजे रीडायरेक्शन, आउटपुट फाइलमध्ये वळवणं. तुलना होतच नाही, अट कायम खरी ठरते. फोल्डरमध्ये ‘३.१०’ नावाची रिकामी फाइल सापडली, तर ती इथूनच आली असं समजा.

‘वजा एलटी’ (-lt, म्हणजे ‘पेक्षा लहान’) फक्त पूर्णांकांसाठी आहे. ३.९ दिलं की एरर येते, पण इफ तिला ‘खोटं’ मानून पुढे जातो. एरर डेव्ह-नलकडे, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या फाइलकडे, वळवलेली असेल तर पत्ताही लागत नाही. बीसी या कॅल्क्युलेटर कमांडला विचारलं तर त्याच्या लेखी ३.१० म्हणजे ३.१. बिंदू काढून टाकण्याची युक्तीही फसवी: ३.९.१८ चे ३९१८ होतात, ३.१०.१ चे ३१०१.

बिंदूवर तुकडे करून प्रत्येक तुकडा आकडा म्हणून ताडणं योग्यच आहे. फक्त २४.०८ सारख्या क्रमांकात बॅश ०८ ला अष्टमान, म्हणजे आठच्या पायातला आकडा, समजून अडतो. आकड्याआधी १०# लावा.

मला स्वतःला ग्नू सॉर्ट या ओळी क्रमाने लावणाऱ्या कमांडचा कॅपिटल व्ही (-V) पर्याय सगळ्यात भरवशाचा वाटतो. हवं असलेलं आणि हाती असलेलं व्हर्जन वेगवेगळ्या ओळींवर द्या. हवं असलेलं पहिलं आलं की काम झालं. सुरुवातीचं ‘व्ही’ अक्षर मात्र आधी काढून टाका. तसंच १.०-आरसी१ हे १.० च्या नंतर लागतं, म्हणजे चाचणीची आवृत्ती पक्क्या आवृत्तीपेक्षा नवी ठरते. डेबियन या लिनक्समध्ये यासाठीच १.०~आरसी१ असं लिहितात. टिल्डा (~) असलेलं आधी लागतं, आणि डेबियनच्या डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा कम्पेअर-व्हर्जन्स पर्यायही हाच नियम पाळतो.

तपासताना ३.८ आणि ३.९ देऊन थांबू नका. ३.९ विरुद्ध ३.१०, दोन्ही बाजू समान, आणि १.० विरुद्ध १.०.० याही जोड्या चालवून बघा. शेवटच्या जोडीत सॉर्ट १.० ला लहान धरतो.