दुबईत टॅक्सी नेमकी दारात कशी आणली

दुबईत नवीन असताना टॅक्सीवाल्याला घर सांगणं हीच मोठी डोकेदुखी होती. आमच्या करामा या भागात इमारती एकसारख्या, चालक विचारायचे, "जवळ काय आहे?" एक वळण चुकलं की लांबचा वळसा, आणि मीटर पळतोच आहे.

उपाय इमारतीच्या दारावरच होता: मकानी नंबर. दुबई महापालिकेने प्रवेशद्वारांना दिलेला हा 10 अंकी क्रमांक. मकानी अ‍ॅपमध्ये टाकला की नकाशावर नेमकं तेच दार दिसतं. आईबाबा आले तेव्हा तो मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिला. बरेच चालक हिंदी-उर्दू बोलणारे, त्यामुळे आई आता एकटीसुद्धा निर्धास्त फिरते.

विमानतळावरच्या टॅक्सीचा मीटर मात्र 25 दिरहमपासून सुरू होतो, सालिकचा (दुबईतल्या रस्त्यांवरचा) टोल वेगळा. तो नियमच आहे, चालकाशी वाद घालू नका.