जुन्या रोड सायकलला नवी चाकं, हब आणि ब्रेक कसे बसवावेत

जुन्या स्टीलच्या रोड सायकलला नवी चाकं घालायची म्हटलं की सल्ला ठरलेला: "चाक आण आणि बसव, त्यात काय!" असं सांगणाऱ्याने एक तर हे काम कधी केलेलं नसतं, नाहीतर त्याची फ्रेम नशिबाने योग्य मापाची निघालेली असते. पैसे मोजण्याआधी मापं घ्या.

पहिलं माप टायरच्या कडेवर छापलेलं असतं. ६३० दिसलं तर रिम २७ इंची, ६२२ दिसलं तर ७००सी. २७ इंचीचे चांगले टायर आता मोजकेच मिळतात, म्हणून ६२२ वर या. व्यास ८ मिमीने घटतो, म्हणजे रिमची कड ब्रेकच्या बोल्टपासून ४ मिमी लांब जाते. हे ४ मिमी ब्रेक निवडताना लागणार आहेत.

दुसरं माप मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (फ्रेमच्या ज्या खाचांत चाकाचा ॲक्सल बसतो त्या), आतून आतपर्यंत. पाच गिअरच्या काळातल्या फ्रेमला बहुधा १२० मिमी भरतं, सहा-सात गिअरच्या फ्रेमला १२६. रिम ब्रेकच्या आजच्या रोड हबला (चाकाचा मधला भाग, ज्यातून ॲक्सल जातो) १३० लागतं. पुढे १०० हवं. पुढच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) खाचेत ९ मिमीचा ॲक्सल बसत नसेल, तर दोन्ही खाचा कानशीने थोड्या आणि सारख्या घासून घ्या.

नवा हब दिखाव्यासाठी नाही. फ्रीव्हीलवाल्या (गिअरची चक्रं आट्यांनी फिरवून बसवलेल्या) जुन्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात. त्यांच्या बाहेरचा ॲक्सल अधांतरी राहतो आणि कधीतरी वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या (गिअरची चक्रं हबवर नुसती सरकवून बसवतात त्या) हबमध्ये तो आधार थेट बाहेरच्या टोकाशी येतो.

फ्रेम रुंद करणं

१२६ ची १३० करायची तर प्रत्येक बाजूला फक्त २ मिमी. हाताने ताणून चाक आत ढकललं तरी चालतं, कित्येक जण वर्षानुवर्षं तसंच चालवतात. पंक्चर झालं की तिसरा हात कमी पडतो, एवढंच. १२० ची १३० करायला मात्र फ्रेम वाकवावीच लागते. हे फक्त स्टीलच्या फ्रेमला करायचं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची असेल तर इथेच थांबा, तिला तडा जाईल.

यावर सगळीकडे फिरणारा उपाय असा: आटे पाडलेली सळई दोन ड्रॉपआउटमध्ये अडकवा आणि नट फिरवत जा. मीही तेच केलं. व्हर्नियरवर १३० आलं, मी खूश. चाक घातलं तर टायर डाव्या नळीला जवळजवळ टेकलेला. सगळी संध्याकाळ चाकाचा आऊट काढण्यात, म्हणजे स्पोक आवळून-सैल करून चाक सरळ करण्यात घालवली. चाक सरळच होतं, फ्रेम वाकडी झाली होती. सळई दोन्हीकडे सारखा जोर लावते, पण दोन्ही बाजू सारख्या कडक नसतात. जी आधी नमते तीच नमत जाते. माझी डावी बाजू जवळजवळ सगळे १० मिमी सरकली होती आणि उजवी जागची हलली नव्हती. सळई पुन्हा हातात घेतली नाही.

एका वेळी एकच बाजू वाकवा. फ्रेम आडवी ठेवा, डावी बाजू वर. माणसाच्या उंचीची जाड लाकडी फळी घ्या. तिचं पुढचं टोक सीटच्या नळीच्या डाव्या अंगाला, मधला भाग डाव्या ड्रॉपआउटच्या आतून आणि उरलेली फळी मागे तुमच्या हातात. नळीवर जुनं कापड गुंडाळा. कोणाला तरी फ्रेम घट्ट दाबून धरायला सांगा आणि फळी हळूहळू वर ओढा. सोडा, मोजा. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच बदलत नाही, कारण स्टील परत जागेवर येतं. इथेच माणूस वैतागून हिसका देतो. देऊ नका. दरवेळी किंचित जास्त ओढा, आणि एकदा का अर्धा मिलिमीटर टिकला की पुढचं झरझर सरकतं, म्हणून तिथून हात आखडता घ्या. डावीकडे ५ मिमी झाले की फ्रेम उलटी करून उजवीकडे तेवढेच.

प्रत्येक टप्प्याला दोऱ्याने तपासा. दोरा एका ड्रॉपआउटला बांधा, हँडलच्या नळीला पुढून वळसा देऊन दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. दोरा आणि सीटची नळी यांतलं अंतर दोन्हीकडे मोजा. एक मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल, त्याहून जास्त नाही.

आता बहुतेक जण विसरतात ते काम. बाजू फाकल्या की ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत. तसंच चाक आवळलं तर ॲक्सलवर कायमचा ताण येतो. १० मिमीचे दोन लांब बोल्ट घ्या, एकेक ड्रॉपआउटमध्ये दोन्हीकडून नट लावून आवळा, टोकं समोरासमोर. टोकाला टोक बरोबर भिडलं पाहिजे. चुकलं तर मोठ्या पान्याने ड्रॉपआउट जरासा वळवा. त्यानंतर डिरेलरचा हँगरही (गिअर बदलणारा मागचा भाग जिथे लटकतो तो कान) तपासून घ्या, तोही याच हिशेबाने हललेला असतो.

चाक आणि ब्रेक

चाक बसवा. रिम दोन्ही नळ्यांच्या मधोमध दिसली की झालं.

ब्रेकसाठी नवं चाक जागेवर ठेवूनच, ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत मोजा, पुढे आणि मागे वेगवेगळं. जुन्या फ्रेमला ३९ ते ४९ मिमीवाले आखूड ब्रेक सहसा पुरत नाहीत. ४७ ते ५७ मिमीचे घ्या, तेही तोकडे पडले तर ५५ ते ७३ चे मिळतात. नव्या ब्रेकचा लांबट नट चिमट्याच्या आत शिरतो, त्यासाठी ८ मिमीचं भोक लागतं आणि जुन्या चिमट्याला ६ चंच असतं. मागच्या अंगाचंच भोक मोठं करायचं, पुढचं नाही. ड्रिलला हात लावायचा नसेल तर बाहेरून नट लागणारे ब्रेक मागा, तेही बनतात.

क्रोमच्या स्टील रिमवर ब्रेक ओल्यात जवळजवळ लागतच नाहीत. ॲल्युमिनियमची रिम आली की पहिल्या दाबालाच फरक कळतो. जुने लिव्हर ठेवून नवे दुहेरी खिळीचे (ड्युअल-पिव्हट) ब्रेक लावले तर छान जमतं. उलटं करू नका: अलीकडचे लिव्हर तार जास्त ओढतात, त्यामुळे जुन्या ब्रेकवर लिव्हर टणक लागतो आणि पकड कमी. तारा मात्र कव्हरसकट नव्याच घाला.

ब्रेकच्या रबरी गुटक्याचं पुढचं टोक रिमला कागदाच्या जाडीइतकं आधी टेकू द्या, नाहीतर किंचाळेल. गुटका टायरला कुठेही लागता कामा नये. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तार सैल होईल, ती पुन्हा ओढून घ्या आणि त्याच वेळी स्पोकही एकेक दाबून बघा.