चूक कुठे कळली ते नको, कुठे झाली ते सांगा: एरर मेसेज आणि कमांडचे ऑप्शन लिहिताना या चुका टाळा

कर्वे रस्त्याजवळच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी अधूनमधून शनिवारी मुलांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला जातो. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अर्धा तास एकाच ओळीशी झगडत होती. “सर, अठरावी ओळ तीनदा पुसून लिहिली, तरी तोच एरर येतोय.” अठराव्या ओळीत नुसतं ‘रिटर्न ०;’ होतं, त्यात चुकायला जागाच नव्हती. सेमिकोलन राहिला होता सतराव्या ओळीच्या शेवटी. लॅबमधला जुना जीसीसी, म्हणजे सीचा कोड तपासून मशीनला चालेल असा करणारा कंपायलर, मात्र अठराव्या ओळीवर बोट ठेवून ‘रिटर्नच्या आधी सेमिकोलन हवा होता’ असं सांगत होता.

मेसेज खोटा नव्हता. पार्सरला, म्हणजे कोडची रचना तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाला, गडबड कळली ती खरंच अठराव्या ओळीवर. पण तिने चूक केली होती सतराव्या ओळीवर, आणि तिला तेवढंच हवं होतं. कंपायलर लिहिणारे आपण बहुतेक वेळा आपल्याला चूक कुठे कळली ते छापतो. वाचणारा मात्र ती कुठे झाली ते शोधत असतो.

यावरचा उपाय अवघड नाही. पार्सरमध्ये आधीचं टोकन (कोडमधला एक सुटा शब्द किंवा चिन्ह) जिथे संपलं ती जागा जपून ठेवा. राहिलेलं चिन्ह सेमिकोलन, स्वल्पविराम किंवा कंस असेल, तर बाण त्या जागी काढा. जीसीसीच्या नव्या आवृत्त्या हेच करतात. उघड्या राहिलेल्या कंसासाठी प्रत्येक कंस उघडताना त्याची जागा स्टॅकवर (शेवटचं आधी निघतं अशा यादीत) ठेवावी लागते. पायथनमध्ये पूर्वी कंस राहिला की पुढच्याच कुठल्यातरी ओळीवर नुसतं ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ यायचं. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून तो उघडलेल्या कंसावर बाण ठेवून हा बंदच केलेला नाही असं सांगतो. शिकणाऱ्या मुलांचे किती तास त्या एका वाक्याने वाचले असतील!

आपल्या पोटातले शब्द दुसऱ्याच्या ताटात वाढू नका

माझी टीम गाड्यांच्या सुट्या भागांची चाचणी घेणाऱ्या यंत्रांसाठी एक छोटी नियम-भाषा आणि तिचा कंपायलर सांभाळते. तो वापरणारे भोसरी-चाकणकडचे शॉप फ्लोअरवरचे लोक. आपल्या कामात पक्के, पण कंपायलरचा विषय त्यांनी कधी शिकलेला नाही, आणि शिकायची गरजही नाही. एका रात्रपाळीला सुपरवायझरचा फोन आला. “साहेब, ‘अनएक्स्पेक्टेड टोकन आयडेंट’ म्हणतंय. कुठलं टोकन? आमच्याकडे टोकन कँटीनचं असतं.”

त्यांनी ‘दाब > ४०’ऐवजी ‘दाब जास्त ४०’ असं लिहिलं होतं. अगदी माणसासारखं. त्या फोननंतर आम्ही तो मेसेज असा केला:

ओळ २३: ‘दाब’नंतर तुलनेचं चिन्ह हवं, इथे ‘जास्त’ हा शब्द आहे. ‘दाब > ४०’ असं लिहायचं होतं का?

टोकन, आयडेंट, एलव्हॅल्यू हे शब्द आपल्या व्हाइटबोर्डवर ठीक आहेत. मेसेजमध्ये वापरणाऱ्याच्या फाइलमधलेच शब्द उचलून दाखवा. मेसेज मराठीत आणताना आमची आणखी एक चूक झाली. पहिल्या खेपेला आम्ही ‘अनपेक्षित अभिज्ञापक आढळला’ असं लिहिलं. मूळ इंग्रजी वाक्य निदान लोकांनी आधी पाहिलेलं तरी होतं, हे तर कुणालाच कळेना. मग ओळ, फाइल, स्ट्रिंग, चिन्ह असे रोजच्या तोंडचे शब्द ठेवले आणि मेसेज फोनवर मोठ्याने वाचून पाहिले. ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, तर वाक्य बदलायचं. एरर कोड मात्र भाषा बदलली तरी तोच ठेवा, म्हणजे शोधता येतो. रस्ट या भाषेत ‘ई०३८२’सारखा कोड येतो आणि तिच्या रस्टसी या कंपायलरला ‘--एक्सप्लेन’ देऊन विचारलं की त्याचं उदाहरणासकट स्पष्टीकरण मिळतं. चांगल्या मेसेजची ही चळवळ २०१५ मध्ये एल्म या भाषेने जोरात पुढे नेली आणि पुढच्याच वर्षी रस्टने आपल्या एररची मांडणी बदलली. दोन्ही उघडून बघा, नमुना म्हणून त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं मला सापडलेलं नाही.

‘असं म्हणायचं होतं का’ हे विचारताना जपून. सुचवणी चुकली तर माणूस आणखी तासभर भलत्या वाटेने जातो. शब्दाच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त अक्षरं बदलावी लागत असतील, तर काहीच सुचवू नका.

देवनागरी आली की बाण सरकतो

हे आपल्याकडे हमखास होतं आणि बाहेरच्या लेखांत सहसा वाचायला मिळत नाही. ‘पुणे’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, अक्षरांना आकडे देणाऱ्या युनिकोडमध्ये चार कोड पॉइंटचा, म्हणजे चार आकड्यांचा, आणि ते आकडे यूटीएफ-८ मध्ये साठवले की १२ बाइटचा. तुम्ही कॉलम, म्हणजे ओळीतली जागा, बाइटमध्ये मोजलात, तर त्या ओळीवरचा बाण खऱ्या जागेपासून दहा घरं उजवीकडे जातो. आमच्या नियमांमध्ये ‘तापमान जास्त’ अशा स्ट्रिंग सर्रास असतात, त्यामुळे बाण बऱ्याचदा ओळ संपल्यावर कुठेतरी हवेत दिसायचा. जीसीसीसुद्धा अकराव्या आवृत्तीच्या आधी कॉलमचा आकडा बाइटमध्येच सांगायचा. २०२१ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून तो स्क्रीनवरची जागा मोजतो. तुमच्या टेस्टमध्ये मराठी स्ट्रिंग असलेली एक तरी फाइल आजच घाला.

एका चुकीमागून पन्नास एरर येत असतील, तर ज्या नावाचा प्रकार ठरवता आला नाही त्याला आतल्या आत ‘बिघडलेलं’ अशी खूण करा आणि त्याच्याबद्दल पुन्हा तक्रार करू नका. क्लँग हा सीचा दुसरा कंपायलर मुळातच २० एररनंतर थांबतो. एवढं पुरतं.

न कळलेला ऑप्शन गिळू नका

ही या लेखातली सगळ्यात महागडी चूक. ऑप्शन म्हणजे कमांडच्या नावापुढे डॅश देऊन लिहायची सूचना. आमच्या टूलला मर्यादा ठरवणारा ‘--लिमिट’ असा ऑप्शन होता. एका पाळीत कुणीतरी त्यात एक अक्षर जादा टाइप केलं. आमच्या कोडने अनोळखी ऑप्शन मुकाट्याने सोडून दिला, मुळातली सैल मर्यादा वापरली आणि रात्रभर सगळे भाग पास झाले. सकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ती पूर्ण बॅच पुन्हा तपासावी लागली. तिथल्या लोकांचा त्यात काही दोष नव्हता. आता अनोळखी ऑप्शन दिसला की टूल काम सुरूच करत नाही. जवळचं नाव सुचवतं आणि एक्झिट कोड २ (काम संपताना टूल देतं तो आकडा, ० म्हणजे सगळं ठीक) देऊन बाहेर पडतं.

एका अक्षराचे ऑप्शन वाटताना हात आखडता ठेवा. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या एसएसएचला पोर्ट द्यायचा तर लहान पी, तिथे फाइल पाठवणाऱ्या एससीपीला मोठा पी, कारण तिथे लहान पी फाइलची वेळ आणि परवानग्या जपण्यासाठी आधीच घेतलेला. लहान व्ही फाइलमध्ये मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये निवड उलटी करतो आणि पायथनमध्ये जास्त तपशील दाखवतो. रोज लागणाऱ्या चार-पाच ऑप्शनांनाच अक्षर द्या, बाकीच्यांना दोन डॅशचं पूर्ण नाव. नावात नकार असेल, तर त्याला आणखी खरं-खोटं जोडू नका. ‘--नो-चेक=फॉल्स’ म्हणजे तपासणी होणार की नाही, हे रात्री दोन वाजता कुणी ठरवायचं?

एरर स्टँडर्ड एररवरच, म्हणजे निकालाच्या स्टँडर्ड आउटपुटपासून वेगळ्या ठेवलेल्या वाटेनेच पाठवा, नाहीतर तो निकालाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. मागितलेली मदत, म्हणजे ‘--हेल्प’, स्टँडर्ड आउटपुटवर आणि एक्झिट कोड ०. समोर टर्मिनल नसेल किंवा ‘नो_कलर’ हे व्हेरिएबल ठेवलेलं असेल, तर रंग बंद.

आणि मेसेजना टेस्ट लिहा. रस्टच्या कंपायलरमध्ये चुकीच्या फाइलशेजारी तिचा अपेक्षित मेसेज वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेला असतो. कोड बदलताना मेसेज बिघडला, की टेस्ट पडते आणि बदल रिव्ह्यूमध्ये दिसतो. आम्हीही शॉप फ्लोअरवरून फोन आला की ती चुकीची फाइल मागवून घेतो आणि जशीच्या तशी टेस्टच्या फोल्डरमध्ये टाकतो. त्यातली पहिली फाइल ‘दाब जास्त ४०’ची आहे.