वळवाआधी पिकअपचा ईजीआर उघडून पाहा

वैशाखात जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि एखाद्या सायंकाळी वारा असा सुटतो की केळीची उभी बाग आडवी होते. वादळाचा इशारा आला की तयार घड एका दिवसात कापून बाहेर काढावे लागतात. नेमकी त्याच दिवशी पिकअप काळा धूर ओकत दम टाकते. बांधावर उन्हात पडलेल्या घडाची साल काळवंडते, आणि मग व्यापारी म्हणेल तो भाव. अशी अडलेली गाडी उघडली की अनेकदा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धूर इंजिनात परत सोडणारी झडप, काजळीने चिकटलेलाच सापडतो. घडाला दोरी-बांबूचा आधार देणारेही गाडीचा हा भाग वर्षानुवर्षं उघडत नाहीत.

इंजिनातून निघालेला थोडा धूर हा व्हॉल्व्ह पुन्हा आत सोडतो. त्याने जळणाची उष्णता उतरते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात. भार पडला की तो मिटायला हवा. उघडाच अडकला तर ताज्या हवेची जागा धूर घेतो, डिझेल अर्धवट जळतं, आणि कन्नड घाटात गाडी दुसऱ्या गिअरवरही चढत नाही. मिटलेला अडकला तर फक्त डॅशबोर्डवरचा दिवा लागतो आणि मालक तो दिवा वर्षभर बघत बसतो. गाडीचा दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०४०१ हा कोड आला तर धूर कमी जातोय, पी०४०२ आला तर जास्त.

व्हॉल्व्ह शोधायचा तर धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून हवा आत घेणाऱ्या इनटेककडे येणारी धातूची नळी धरून जा. वाटेत दोन पाण्याच्या नळ्या जोडलेला कूलर लागेल, त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे व्हॉल्व्ह. जुन्या गाडीत त्यावर बशीसारखा पत्र्याचा डबा आणि व्हॅक्यूमची बारीक रबरी नळी असते, तिच्या ओढीने व्हॉल्व्ह उघडतो. टर्बोवरही तसाच डबा असतो, पण त्यातून दांडी निघून टर्बोच्या लिव्हरला जाते, त्याला हात लावू नका. नव्या गाडीत डब्याऐवजी मोटर आणि तारांचा कपलर असतो. रबरी नळी आधी वाकवून पाहा. चिरली असेल तर व्हॅक्यूम गळतो, व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि दोष नसताना नवा व्हॉल्व्ह गळ्यात पडतो.

काम इंजिन गार असतानाच करा.

– बॅटरीची निगेटिव्ह काढा, बिडी-काडी लांब ठेवा
– कपलरचं लॉक दाबून सोडवा, तारा ओढू नका
– पाण्याच्या नळ्या काढाव्या लागल्या तर कूलंट स्वच्छ भांड्यात धरा
– बोल्ट आडवे-तिडवे थोडेथोडे सोडा
– गॅस्केट आधीच आणून ठेवा, जुनं पुन्हा लावू नका

काजळी कार्ब क्लीनरने भिजवा, दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने घासा. तोंड खाली धरा, म्हणजे फवारा मोटरीत किंवा डब्याच्या रबरी पडद्यात जाणार नाही. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं की सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडेवर) ओरखडा पडतो आणि व्हॉल्व्ह कायमचा गळतो. कॉस्टिक सोडा तर नकोच, ॲल्युमिनियम खातो. साफ झाल्यावर मिटलेल्या तोंडात थोडं डिझेल ओतून पाहा. नुसता ओलावा आला तर चालेल, धार लागली तर सीट गेली.

गॅस्केटला सिलिकॉन पेस्ट चोपडू नका, गरम बाजूला ती जळते. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कनेच आवळा. कूलंट भरून हवा काढा, नाहीतर त्या उन्हात इंजिन तापणारच. मोटरवाल्या काही गाड्यांत स्कॅनरने व्हॉल्व्हची शून्य जागा पुन्हा शिकवावी लागते.

स्पेअर पार्टच्या काउंटरवरचा माणूस आधी डिझेलमध्ये टाकायची बाटली काढेल. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेकच्या वाटेने जातच नाही, मग ती बाटली तिथली काजळी कशी धुणार? नंतर तो नवा व्हॉल्व्ह सुचवेल. मोटर जळाली, दांडी वाकली, पडदा फाटला किंवा सीट गेली तरच तो घ्या. पत्री ठोकून व्हॉल्व्ह बंद करणारे मिस्त्रीही भेटतात. ते बेकायदा आहे, आणि नव्या गाडीत तर कॉम्प्युटर दिवा लावून ओढ कमी करतो. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत उघडा अडकलेला व्हॉल्व्ह धुरातली काजळी अडवणारी जाळीही (डीपीएफ) भरून टाकतो आणि मग खर्च कितीतरी वाढतो.

मॅन्युअलमध्ये अंतर काहीही लिहिलेलं असो, शेतरस्त्याच्या गाडीचा व्हॉल्व्ह २० हजार किलोमीटरला उघडावा असा आमचा अंदाज. मळ्यापासून वखारीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी आणि घड भरेपर्यंत तासभर चालू ठेवलेली गाडी सर्वांत लवकर काजळते. आठवड्यातून एकदा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर वीसेक मिनिटं तिसऱ्या-चौथ्यात दाबून चालवली तर फरक पडतो, असं वाटतं.

बाकीचं, चैत्र संपायच्या आत:

– एअर फिल्टर (धुळीने तुंबला की काजळी वाढतेच)
– डिझेल फिल्टरमधलं पाणी
– बेल्ट, टायरची हवा
– डिकीत व्हॅक्यूमची मीटरभर नळी आणि दोन क्लिपा