इव्हेंट लूप कसा समजून घ्यावा: कोणती ओळ थांबते, कोणती राबते

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना इव्हेंट लूपची व्याख्या बहुधा तोंडपाठ असते. मात्र दहा ओळींचा प्रोग्रॅम समोर ठेवून ‘यातली कोणती ओळ आधी चालेल?’ असे विचारले, की बरेच जण अडखळतात. म्हणून व्याख्या तूर्त बाजूला ठेवावी आणि पुढील क्रमाने जावे. सोबत संगणकावर कोणताही ब्राउझर उघडा असला, तरी पुरे.

पहिली पायरी: थांबणे आणि राबणे वेगळे काढावे

ठाणे, वाशी आणि पनवेल या तीन ठिकाणांचे हवामान दाखवणारे एक वेबपान आहे, असे धरू. सर्व्हरकडे विचारणा पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंत समजा २०० मिलिसेकंद गेले. आपल्याला हा वेळ जाणवतही नाही. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात ६० कोटी आवर्तने होतात. या काळात प्रोग्रॅमकडे करण्यासारखे काहीच नसते, तो फक्त उत्तराची वाट पाहत असतो. याउलट, आलेल्या आकड्यांची सरासरी काढणे किंवा मोठी यादी क्रमाने लावणे, यात प्रोसेसर प्रत्यक्ष राबतो. स्वतःचा एखादा जुना प्रोग्रॅम घेऊन प्रत्येक ओळीपुढे ‘थांबते’ किंवा ‘राबते’ असे लिहून पाहावे. असिंक्रोनस पद्धतीचा, म्हणजे उत्तराची वाट पाहताना दुसरे काम उरकण्याच्या पद्धतीचा, फायदा फक्त पहिल्या प्रकारच्या ओळींना होतो, आणि माझ्या मते या विषयातले निम्मे गैरसमज एवढे ध्यानात न घेतल्यामुळेच होतात.

दुसरी पायरी: रांग डोळ्यांसमोर आणावी

नौपाड्यातल्या एखाद्या दवाखान्यात डॉक्टर एकच असतात. ज्याला रक्ततपासणी सांगितली तो पेशंट लॅबमध्ये जातो, तेव्हा डॉक्टर त्याच्या रिपोर्टसाठी खोळंबून राहत नाहीत, पुढच्या पेशंटला आत बोलावतात. रिपोर्ट मिळाल्यावर तो पेशंट पुन्हा रांगेत येऊन बसतो. पण आतल्या पेशंटची तपासणी पुरी होईपर्यंत, रिपोर्ट हातात असूनही, त्याला आत जाता येत नाही. वेबपानांत चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेमध्ये आतल्या खोलीला कॉल स्टॅक म्हणतात आणि बाहेरच्या रांगेला टास्क क्यू. स्टॅक रिकामा झाला, की रांगेतले पुढचे काम आत घ्यायचे, हा अखंड चालणारा फेरा म्हणजे इव्हेंट लूप. लॅबचे काम ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरच्या बाहेर करते. आत गेलेले काम मध्येच तोडले जात नाही, हा नियम पक्का लक्षात ठेवावा.

तिसरी पायरी: क्रम स्वतः तपासावा

बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे ओळी लिहून चालवायची जागा, उघडता येते; ती उघडावी आणि चार ओळी एकत्र लिहून एकदम चालवाव्यात. पहिल्या ओळीत कन्सोल-लॉगने ‘एक’ छापावे. दुसरीत सेट-टाइमआउट या टायमरला शून्य मिलिसेकंद देऊन ‘दोन’ छापायला सांगावे. प्रॉमिस म्हणजे पुढे मिळणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू, आणि उत्तर आल्यावर काय करायचे ते तिच्या ‘देन’मध्ये लिहितात; तिसरीत आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसच्या ‘देन’मध्ये ‘तीन’ छापावे आणि चौथीत सरळ ‘चार’. चालवण्यापूर्वी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवावा.

छापले जाते ते असे: एक, चार, तीन, दोन. ‘एक’ आणि ‘चार’ या स्टॅकवर आधीच चालू असलेल्या कामाच्या ओळी आहेत, म्हणून त्या आधी पुऱ्या होतात. प्रॉमिसची कामे मायक्रोटास्क नावाच्या वेगळ्या रांगेत जातात आणि टायमरच्या रांगेकडे वळण्याआधी ही रांग पूर्ण रिकामी केली जाते. म्हणून ‘तीन’ ‘दोन’च्या आधी येतो. याचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही: एका मायक्रोटास्कने दुसरी, दुसरीने तिसरी अशी अखंड भर घातली, तर टायमरची आणि माउस क्लिकची पाळी कधीच येत नाही.

आता याच चार ओळींनंतर तीन सेकंद नुसते फिरत राहणारे व्हाइल लूप टाकावे आणि पुन्हा चालवावे. शून्य मिलिसेकंदांचा टायमर तीन सेकंदांनी उजाडतो आणि तोवर पानावरची बटणेही दाद देत नाहीत. टायमरला दिलेला आकडा म्हणजे ‘निदान इतक्या वेळाने’, एवढाच त्याचा अर्थ असतो.

चौथी पायरी: ‘अवेट’ कुठे लिहावे

प्रॉमिस जावास्क्रिप्टच्या प्रमाण आवृत्तीत २०१५ साली आले, तर ‘असिंक’ आणि ‘अवेट’ २०१७ साली. अवेट ज्या असिंक फंक्शनमध्ये लिहिले, फक्त ते फंक्शन प्रॉमिसचे उत्तर येईपर्यंत तिथे थांबते. बाकीचा प्रोग्रॅम चालू राहतो. हवामानाच्या तीन विचारणांना प्रत्येकी एक सेकंद लागत असेल आणि प्रत्येकीपुढे अवेट लिहून त्या एकामागून एक केल्या, तर तीन सेकंद जातात. तिन्ही आधी सोडून मग सगळ्यांची एकत्र वाट पाहणाऱ्या प्रॉमिस-ऑलवर एकदाच अवेट केले, तर साधारण एका सेकंदात काम होते. मात्र त्यातली एक जरी फसली, तरी प्रॉमिस-ऑल लगेच चूक कळवते आणि उरलेल्या दोघींची उत्तरे त्यातून हाती लागत नाहीत. पनवेलचा सर्व्हर बंद असला तरी ठाण्याचे हवामान दिसायला हवे असेल, तर प्रत्येकीचा निकाल वेगळा देणारे, २०२० च्या आवृत्तीतले ‘ऑल-सेटल्ड’ वापरावे. दुसरी विचारणा पहिलीच्या उत्तरावर अवलंबून असेल, तर मात्र एकामागून एकच करावे लागते.

पाचवी पायरी: राबणारे काम बाहेर काढावे

जड हिशेबाच्या फंक्शनला असिंक हा शब्द लावला म्हणून तो हिशेब हलका होत नाही. पहिल्या अवेटपर्यंतचा त्याचा सगळा भाग नेहमीसारखाच एका दमात चालतो. असे काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धाग्यावर, चालवावे: ब्राउझरमध्ये ते वेब वर्करकडे आणि नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) वर्कर थ्रेडकडे सोपवावे. २००९ साली आलेल्या नोडमध्ये नेटवर्कवरची प्रतीक्षा लिबयूव्ही ही लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवते, तर फाइल वाचण्यासारख्या कामांसाठी ती मुळात चार थ्रेड राखून ठेवते. त्यामुळे शंभर मोठ्या फाइली एकाच वेळी वाचायला लावल्या, तर त्यांचीही रांग लागते.

पायथॉन या भाषेमध्ये इव्हेंट लूप पुरवणारे असिंकआयओ ३.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. तिथे टाइम मॉड्यूलचे स्लीप वापरले, तर सगळा लूप गोठतो. असिंकआयओचे स्लीप अवेटसह वापरावे. अवेट लिहायचे राहून गेले, तर कोरूटीन (असिंक फंक्शनला हाक दिल्यावर तयार होणारे काम) सुरूच होत नाही आणि पायथॉन तशी सूचना देतो. ती सूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अडकलेली जागा शोधताना

पान अडखळत असेल, तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये काही सेकंदांचे रेकॉर्डिंग करावे. ५० मिलिसेकंदांहून लांबलेली कामे तिथे लाल खुणेने दिसतात. त्यांतले सर्वांत लांब काम उघडून ते कोणत्या फंक्शनमध्ये अडले आहे ते पाहावे, त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर सेट-टाइमआउटने लूपला इतर कामे उरकू द्यावीत, आणि त्याच पानाचे पुन्हा रेकॉर्डिंग घ्यावे.